फोटोआधी वही

फोटोग्राफर लुईस हाईन १९०८ पासून अमेरिकेतल्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी कापड गिरण्या, कोळसा खाणी आणि मासळी डबाबंद करणारे कारखाने पालथे घालत होते. आत शिरायला कधी बायबल विकणारा व्हायचं, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस. आपल्या जाकिटाचं कोणतं बटण जमिनीपासून किती उंचीवर येतं हे त्यांना पाठ होतं. मूल शेजारी उभं राहिलं की बटणावरून त्याची उंची कळायची आणि वय, काम, मजुरी यांच्यासोबत ती खिशातल्या वहीत उतरायची. ‘पोर दिसतं लहान, पण आहे चौदाचं’ असं मालक म्हणालाच, तर उत्तर तयार असायचं.

त्या कामातले पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, नोंदींसकट. बालमजुरीविरुद्धचा केंद्रीय कायदा १९१६ मध्ये झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडलं. म्हणजे फोटो छापले आणि कायदा झाला, इतकं ते सरळ नव्हतं. पण तीस वर्षांच्या त्या भांडणात ते फोटो खोटे ठरवता आले नाहीत. माझं मत असं की माणसांच्या हक्कांसाठी काढलेला फोटो त्याच्या सोबतच्या नोंदीवर उभा राहतो. नोंद कच्ची असेल तर फोटो जितका प्रभावी, तितका घातक. म्हणून इथे कॅमेऱ्याबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त लिहिलं आहे.

कॅप्शन

कॅप्शन चुकल्याचे दाखले थोरामोठ्यांच्या कामातही सापडतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो घ्या. कॅप्शनमध्ये वाटाणे तोडणारे मजूर, सात मुलांची आई, वय ३२ एवढं आहे, नाव नाही. एरवी लँग भरपूर टिपणं ठेवत, पण त्या दिवशी नाव विचारलं गेलं नाही. त्या बाई फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहेत हे जगाला कळलं १९७८ मध्ये. ‘जेवणासाठी गाडीचे टायर विकले’ हा लँग यांनी सांगितलेला तपशील कुटुंबाने नाकारला. फोटो छापून आल्यावर सरकारने त्या छावणीत धान्य पाठवलं खरं, पण तोवर हे कुटुंब तिथून निघून गेलं होतं.

दुसरा दाखला आणखी बोचरा आहे. केव्हिन कार्टर यांनी सुदानमध्ये काढलेला, मूल आणि गिधाड असलेला फोटो मार्च १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापला. वाचकांनी एकच प्रश्न लावून धरला: त्या मुलीचं पुढे काय झालं? काही दिवसांनी वर्तमानपत्राला टीप छापावी लागली की गिधाड हाकलल्यावर ती पुढे चालू लागली, मात्र अन्नकेंद्रापर्यंत पोचली की नाही हे माहीत नाही. पुढच्या वर्षी फोटोला पुलित्झर पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये एल मुंदो या स्पॅनिश वर्तमानपत्राचा बातमीदार त्या गावात गेला, तेव्हा समजलं की ती मुलगी नव्हती, मुलगा होता आणि त्या वेळी तो जगला होता. फोटो नीट पाहिला तर मनगटावर मदतकेंद्राचा प्लास्टिकचा पट्टा दिसतो. म्हणजे मुलाची नोंद केंद्रात आधीच झालेली होती. ती वही उघडून बघायची राहिली.

तेव्हा कॅप्शन जागेवरच लिहायचं. रात्री मुक्कामी परत येऊन फोटो बघत लिहिलं की माणसांची अदलाबदल होते, विशेषतः एकाच दिवशी दहाबारा कुटुंबांना भेटल्यावर. सोपी रीत अशी: प्रत्येक माणसाचे फोटो सुरू करण्याआधी वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात क्रमांक लिहून त्या पानाचा एक फोटो काढा. त्यापुढच्या सगळ्या फ्रेम त्या माणसाच्या. वहीत त्याच क्रमांकाखाली नाव (शक्यतो त्याच्या हाताने, त्याच्या लिपीत), वय आणि ते कुणी सांगितलं, गाव, तारीख, तो नेमकं काय करत होता, शब्दशः एखादं वाक्य, दुभाष्याचं नाव. वय ठाऊक नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. आकडा नुसता ठोकून देऊ नका.

कॅप्शनचं पहिलं वाक्य फक्त डोळ्यांना दिसतं ते सांगतं: कोण, काय करत आहे, कुठे, कोणत्या तारखेला. दुसरं वाक्य संदर्भ देतं: विस्थापन कशामुळे, किती काळ, हा आकडा कुणाचा. भावना तिसऱ्या वाक्यातही नको. ‘हताश नजरेने पाहणारी माता’ हे फोटोग्राफरचं मत झालं. ती कदाचित पाण्याचा टँकर कधी येतो ते बघत असेल. ‘पीडित’, ‘अभागी’, ‘निष्पाप’ हे शब्द दिसले की खोडा. आणि माणूस स्वतः काही करत असेल, तंबू ठोकत असेल, शेजाऱ्याच्या मुलाला भरवत असेल, तर ते आवर्जून लिहा. आपत्तीनंतरची पहिली मदत बहुतेक वेळा शेजारीपाजारीच करतात आणि फोटोंत नेमके तेच गायब असतात.

जागेचं नाव बदलणं ही किरकोळ सूट वाटते, पण तीही नाही. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या एका मालिकेचा पुरस्कार काढून घेतला, कारण त्यातला एक फोटो त्या शहरातला नव्हताच, ब्रसेल्समधला होता. मग बाकीच्या फोटोंवरचा विश्वासही उडाला.

संमती

संमतीपत्रावर अंगठा उमटला की संमती झाली, हा समज या क्षेत्रात खोलवर रुजला आहे. पण अंगठा कुठे घेतला ते बघा. धान्यवाटपाच्या रांगेत, संस्थेचं बोधचिन्ह असलेलं जाकीट घातलेल्या माणसाने घेतला असेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. रांगेतला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीतच नसतो. फोटो नाकारला तर नाव यादीतून जाईल अशी धास्ती असते आणि ती तो बोलून दाखवत नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. बोधचिन्हाचं जाकीट उतरवा. नोंदणीच्या टेबलापासून लांब थांबा. ज्या गावपुढाऱ्याच्या हातात यादी आहे त्याला दुभाषी म्हणून घेऊ नका, वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नाही. पहिलं वाक्य हेच: ‘फोटो दिला नाहीत तरी मदत तेवढीच मिळेल.’ हे शेवटी सांगून उपयोग नसतो, तोवर माणसाचं ठरलेलं असतं.

मग फोटो कुठे दिसेल ते दाखवायचं. सोबत नमुने ठेवा: अहवालाचं पान, वर्तमानपत्राचं कात्रण, रस्त्यावरच्या मोठ्या फलकाचा फोटो आणि फोनवर एखादी पोस्ट. फोनवरचा नमुना महत्त्वाचा, कारण ‘परदेशात छापला जाईल’ ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि तोच फोटो दुसऱ्या दिवशी त्याच्या मेहुण्याच्या फोनवर येतो. नमुने दाखवल्यावर त्यालाच विचारा, ‘हा फोटो कोण कोण बघेल, सांगा बरं.’ उत्तर गोलमाल आलं तर समजावण्यात आपण कमी पडलो. परत सांगा.

चेहरा, नाव आणि ठिकाण या तीन गोष्टींची परवानगी वेगवेगळी घ्या. पुष्कळ लोक चेहऱ्याला हो म्हणतात आणि गावाच्या नावाला नाही. त्यामागे त्यांची कारणं असतात, ती विचारलीच पाहिजेत असं नाही. लिहिता येत नसेल तर अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण करा: नाव, तारीख, कशाला हो, कशाला नाही. वापराची मुदत ठरवा; मला तीन वर्षं पुरेशी वाटतात, त्यानंतर पुन्हा विचारावं. निघताना फाइलचा क्रमांक आणि संपर्क लिहिलेलं कार्ड हातात द्या.

मुलांसाठी पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवीत. मूल मान फिरवत असेल तर पालकांची सही कामाची नाही. एकट्या सापडलेल्या मुलांचा चेहरा दाखवायचा नाही. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांची ओळख त्यांनी हो म्हटलं तरी उघड करायची नाही, हा नियम मी कडक धरतो. आज दिलेला होकार पाच वर्षांनी लग्नात, नोकरीत, न्यायालयात आडवा येऊ शकतो आणि तो धोका फोटोग्राफर उचलत नसतो. युद्धकैद्यांसाठी तर तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ आहे: त्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय होऊ देऊ नये.

पैशांचा प्रश्न नेहमी येतो. बातमीच्या फोटोसाठी पैसे देऊ नयेत, कारण मग माणूस पैसे देणाऱ्याला हवं तेच दाखवतो. निधी उभारणीच्या मोहिमेसाठी मात्र कुणाचा अख्खा दिवस घेतला तर बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यायला हवा. तो वाटपाशी न जोडता, पावतीसह द्यावा.

२०१८ मध्ये एका इटालियन फोटोग्राफरची मालिका इंटरनेटवर वादात सापडली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब गावकऱ्यांना खोट्या पक्वान्नांनी भरलेल्या टेबलापुढे उभं करून, डोळे झाकून, स्वप्नातलं जेवण आठवायला सांगितलं होतं. परवानगी बहुधा घेतलीही असेल. पण परवानगीने वाईट कल्पना चांगली होत नाही.

उजेड आणि अंतर

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात. ३५ मिमी आणि ५० मिमी या दोन लेन्समध्ये जवळपास सगळं काम होतं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत बोलणं झाल्याचं दिसतं. २०० मिमीने लांबून टिपलेला फोटो चोरल्यासारखा वाटतो, कारण बहुतेकदा तो चोरलेलाच असतो. मुलांचे फोटो गुडघ्यावर बसून काढा. वरून काढलेल्या फोटोत माणूस छोटा आणि लाचार दिसतो, मग कॅप्शन कितीही सभ्य असो.

छावणीत खरी अडचण ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे येतात आणि व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंग जुळवण्याच्या सोयीने) ते पूर्ण सुधारत नाही, कारण लाल रंगाचा उजेड मुळात पोचलेलाच नसतो. नंतर लाल वाढवला की त्वचेवर दाणे उमटतात. माणसाला तंबूच्या तोंडापाशी, उंबऱ्याच्या हातभर आत बसायला सांगा. बाहेरचा उजेड तोंडावर येतो आणि तंबूही दिसतो. रंग बिघडला म्हणून फोटो कृष्णधवल करण्याची पळवाट टाळा. आजचं संकट उगाच जुनं दिसतं.

पांढऱ्या ताडपत्रीचा त्रास उलटा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर पांढऱ्याला करडं समजतं आणि सावळे चेहरे काळवंडतात. फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजा (स्पॉट मीटरिंग) किंवा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवा. मागची ताडपत्री फोटोत पांढरीफटक झाली तर होऊ द्या. दवाखान्यात एलईडी आणि ट्यूबलाइटखाली आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२५. तरीही पट्टे राहिले तर यांत्रिक शटर वापरा. बॉम्बहल्ल्यातून आलेल्या माणसांसमोर फ्लॅश नको.

ओळख लपवताना

इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत.

चेहरा धूसर केला तरी साडीचे काठ, गोंदण, अंगठी, मागच्या दुकानाची पाटी किंवा उभं राहण्याची ढब ओळख पटवते. गावातल्या माणसाला एवढं पुष्कळ होतं, आणि धोका बहुतेक वेळा गावातल्याच माणसाकडून असतो. हलका ब्लर किंवा मोठे चौकोन पुरेसे नाहीत; त्यातून चेहऱ्याचा अंदाज बांधता येतो. झाकायचंच तर पूर्ण काळा ठोकळा. मुळात फोटो काढतानाच चेहरा टाळणं जास्त सुरक्षित आणि दिसायलाही बरं.

खिडकीसमोर छायाकृती काढणं हा आवडता मार्ग. त्यात एक खाच आहे. चेहरा खिडकीपेक्षा तीनचार स्टॉप खाली असला तरी रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) तो शिल्लक असतो; सावल्या वर ओढल्या की माणूस समोर. म्हणून सावल्या पूर्ण काळ्या केलेली जेपेगच द्यायची आणि रॉ फाइल कुणालाच द्यायची नाही, ओळखीच्या संपादकालाही नाही.

दुसरी खाच लघुप्रतिमेची. जेपेगच्या आत एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्येच नोंदवलेल्या माहितीत, छोटी प्रतिमा दडलेली असते. काही सॉफ्टवेअर मुख्य फोटो झाकतात किंवा कापतात, पण ही प्रतिमा जुनीच ठेवतात. चेहरा तिथे उघडा राहतो. एक्झिफटूलसारख्या साधनाने ती काढून टाका आणि शेवटची फाइल पुन्हा उघडून खात्री करा.

तिसरी गोष्ट जीपीएस. २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या, अँटिव्हायरस कंपनी काढणाऱ्या जॉन मॅकअफी यांचा फोटो एका मासिकाने वेबसाइटवर टाकला आणि फोनने त्यात नोंदवलेल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं काही तासांत उघड झालं. तिथे निदान माणूस श्रीमंत होता. आश्रयगृहातल्या बाईच्या बाबतीत हे झालं तर पुढचं सांगायला नको. फोनवरचं लोकेशन आधीच बंद करा. प्रकाशित प्रतीतून जीपीएस आणि कॅमेऱ्याचा क्रमांक काढा, पण कॅप्शन, फोटोग्राफरचं नाव, हक्क आणि वापराच्या सूचना हे आयपीटीसीचे रकाने (फाइलमध्येच माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या जागा) भरलेले ठेवा. ‘सगळा मेटाडेटा (फाइलमधली माहिती) उडवा’ या सल्ल्याने कॅप्शनही उडतं आणि तोच फोटो दोन वर्षांनी भलत्याच देशातल्या भलत्याच पुराचा म्हणून फिरतो.

चेहरा न दाखवताही पुरावा देता येतो. कुपोषणाच्या तपासणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला रंगीत मोजपट्टी लावतात. ११५ मिमीपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. ११५ ते १२५ पिवळा. पट्टीच्या खिडकीतला आकडा सुस्पष्ट दिसेल असा जवळून काढलेला फोटो रडणाऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतो, आणि मुलाची ओळख कुठेच नसते.

फेरफार

एकूण उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाची दुरुस्ती आणि क्रॉप चालतं. काही घालणं किंवा काढणं चालत नाही, मग ते कितीही क्षुल्लक असो. २००६ मध्ये बैरुतवरचा धूर क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच तुकडा पुन्हा चिकटवून, दाट केलेला आढळल्यावर रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्या फोटोग्राफरचे सगळे ९२० फोटो संग्रहातून काढले. २०१४ मध्ये सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसल्याबद्दल एपी या वृत्तसंस्थेने फोटोग्राफरशी संबंध तोडले. त्या फोटोतला बंदूकधारी खराच होता, लढाई खरी होती. तरीही निर्णय बरोबर होता, कारण अत्याचार करणारी बाजू नेहमी अशीच एक फट शोधत असते.

यंत्राने बनवलेली चित्रं हा याचाच पुढचा भाग. ओळख लपवायची म्हणून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ मध्ये कोलंबियातल्या निदर्शनांची एआय चित्रं वापरली आणि टीका झाल्यावर ती मागे घेतली. हेतू समजण्यासारखा होता. पण पुराव्यांवर चालणाऱ्या संस्थेने एकदा बनावट चित्र वापरलं की पुढच्या खऱ्या फोटोलाही ‘हेही तसलंच’ हे उत्तर मिळतं. ओळख लपवायची तर हाताने काढलेलं रेखाचित्र वापरा. ते रेखाचित्र आहे हे सगळ्यांना दिसतं.

निवड, वापर आणि माघार

आठशे फ्रेममधून बारा उरल्या पाहिजेत. जागा दाखवणारा एक रुंद फोटो, काम करणारी माणसं, एखाददुसरं व्यक्तिचित्र, एक बारीक तपशील, आणि ज्याच्याकडे मागणी आहे त्याच्याशी जोडणारा एक फोटो. हा शेवटचा हमखास राहतो. विहीर दूषित आहे तर विहीर, तिच्यापासून कारखान्याचं अंतर आणि पाण्याच्या तपासणीचा कागद एकाच मालिकेत हवेत. नुसते आजारी चेहरे बघून पाहणारा हळहळतो आणि पुढचं पान उलटतो. २०१५ मध्ये भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन मुलाच्या फोटोनंतर स्वीडनच्या रेड क्रॉसकडे देणग्यांचा पूर आला आणि काही आठवड्यांत ओसरला. धक्क्याचं आयुष्य एवढंच असतं, त्या मुदतीत काय मागायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

भुकेलं मूल आणि त्याच्यावर वाकलेला परदेशी स्वयंसेवक, ही चौकट १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर इतकी वापरली गेली की १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी प्रतिमांसाठी आचारसंहिताच केली. २००६ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. गट्ठ्यातून फोटो निवडताना एक चाचणी पुरते: हा फोटो त्या माणसाच्या घरात, त्याच्यासमोर भिंतीवर लावता येईल का?

आणि माघारीची सोय. युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये जपानमधल्या मिनामाता इथे काढलेला, पारा-विषबाधेने अपंग झालेल्या मुलीला आई न्हाऊ घालत असलेला फोटो औद्योगिक प्रदूषणाविरुद्धच्या लढ्याची ओळख बनला. मुलगी १९७७ मध्ये वारली. पुढे आईवडिलांना तो सतत दिसणं नकोसं झालं. १९९८ मध्ये युजीन यांच्या माजी पत्नी आयलीन स्मिथ यांनी त्या फोटोबद्दलचा निर्णय आईवडिलांच्या हाती सोपवला आणि त्याचं नवं प्रकाशन थांबवलं. फोटो जगप्रसिद्ध होता, तरीही.

हे करायचं तर कुठली प्रत कुठे गेली याची यादी लागते. प्रत्येक फाइलच्या क्रमांकासमोर कुणाला दिली, कोणत्या वापरासाठी, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा. विनंती आली की आधी स्वतःच्या वेबसाइटवरून आणि संग्रहातून फोटो उतरवा, मग यादीतल्या प्रत्येकाला लेखी कळवा, आणि ज्याने विनंती केली त्याला खरं सांगा: छापील अंक परत येणार नाहीत, दुसऱ्यांनी उतरवून घेतलेल्या प्रतीही नाहीत. मूळ फाइल आणि संमतीचं ध्वनिमुद्रण एकाच डिस्कवर ठेवू नका. डिस्क कुणी जप्त केली तर चेहरा आणि नाव एकत्र सापडतं. दोन्ही डिस्क कूटबद्ध असाव्यात, आणि सीमा ओलांडताना नावांची वही सोबत नसावी.